अध्यक्षपदाचा उमेदवार आणि पात्रतेचा दाखला

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तिथल्या राज्यघटनेने मुळात तीनच अटी घातल्या आहेत. उमेदवार जन्मतः अमेरिकी नागरिक असला पाहिजे, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असली पाहिजेत आणि तो किमान १४ वर्षे देशात राहिलेला असला पाहिजे. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या मसुद्याच्या दुसऱ्या अनुच्छेदात हे सगळे एका वाक्यात मावले आहे. पुढे घटनादुरुस्त्यांनी त्यात थोडी भर घातली. यादवी युद्धानंतर १८६८ साली आलेल्या चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने, घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्यांना सरकारी पदांची दारे बंद केली. १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीने कोणालाही अध्यक्षपदावर दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येण्यास मनाई केली. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, आणि धर्माची अट तर घटनेने स्पष्ट शब्दांत निषिद्धच ठरवली आहे.

पण या अटी तपासायच्या कोणी, कधी आणि कोणत्या कागदावरून, याबद्दल घटना गप्प आहे. भारतात उमेदवारी अर्ज भरला की निवडणूक निर्णय अधिकारी ठरलेल्या दिवशी त्याची छाननी करतो आणि त्रुटी असेल तर अर्ज बाद होतो. राष्ट्रपतिपदालाही हीच रीत लागू आहे. अमेरिकेत संपूर्ण देशासाठी अशी छाननी करणारा अधिकारीच नाही. फेडरल इलेक्शन कमिशन या नावावरून भारतीय वाचकाला आपल्या निवडणूक आयोगाची आठवण होईल, पण ते कमिशन प्रचाराच्या पैशांचा हिशेब पाहते. उमेदवार कुठे जन्मला, त्याचे वय किती, हे विचारण्याचे काम त्याच्याकडे नाही. निवडणूक घेतात ती ५० राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा, प्रत्येक आपापल्या कायद्याने. अध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक कसे नेमायचे हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरवील, असे घटना सांगते, आणि राज्यांचा या विषयातला सगळा अधिकार या एका वाक्यातून येतो.

सुरुवातीची शंभर वर्षे हा प्रश्न उभाच राहिला नाही, याला एक साधे कारण आहे. तेव्हा सरकार मतपत्रिका छापतच नव्हते. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या छापून मतदारांना वाटत असे आणि मतदार ती चिठ्ठी पेटीत टाकत असे. सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावे असलेली गुप्त मतपत्रिका ही पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती राज्यभर लागू करण्याचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत ती जवळपास देशभर पसरली. मतपत्रिका सरकारी झाली आणि त्याबरोबर तिच्यावर कोणाचे नाव छापायचे आणि कोणाचे नाही, हा निर्णयही सरकारकडे आला. पात्रतेच्या पुराव्याचे कायदे या बदलातून जन्मले. तपासणी घटनेतून आलेली नाही, छापखान्यातून आली आहे.

आज बहुतेक राज्यांत हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेट या अधिकाऱ्याकडे असते. केंद्रात याच नावाचे पद परराष्ट्रमंत्र्याचे आहे. राज्यातला सेक्रेटरी मात्र निवडणुका, कंपन्यांची नोंदणी, सरकारी दप्तर अशी कामे पाहतो. बहुतेक राज्यांत तो थेट निवडून येतो आणि उघडपणे एखाद्या पक्षाचा असतो. काही राज्यांत त्याच्याऐवजी निवडणूक मंडळ असते. उमेदवाराकडून हे अधिकारी जे मागतात ते सहसा अगदी थोडके असते. न्यू हॅम्पशायर हे देशातील पहिली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचे मतदान, घेणारे राज्य म्हणून ओळखले जाते. तिथे १,००० डॉलर शुल्क आणि एक प्रतिज्ञापत्र दिले की प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येते. आपण घटनेतील अटी पूर्ण करतो, असे त्या कागदावर उमेदवार सही करून सांगतो. जन्मदाखला कोणी पाहत नाही. हवाईसारख्या राज्यात ही ग्वाही पक्ष देतो: आमचा उमेदवार घटनेनुसार पात्र आहे, असे शपथेवर लिहून द्यावे लागते. बऱ्याच राज्यांत एवढेही नाही. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाने ज्याला उमेदवारी दिली त्याचे नाव छापायचे, एवढाच नियम. काही राज्यांनी मात्र आक्षेपाची वाट ठेवली आहे. मतदाराने ठरलेल्या मुदतीत हरकत घेतली तर मंडळापुढे किंवा प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी होते.

उमेदवाराची अपात्रता त्याच्याच तोंडून कबूल झालेली असेल, तर काम सोपे असते. १९६८ मध्ये ब्लॅक पँथर पार्टीचे नेते एल्ड्रिज क्लीव्हर पीस अँड फ्रीडम पार्टीतर्फे उभे राहिले. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते, आणि कॅलिफोर्नियाने त्यांचे नाव छापायला नकार दिला. ४४ वर्षांनी त्याच राज्यात, त्याच पक्षाच्या प्रायमरीसाठी पेटा लिंडसे यांनी अर्ज केला. त्यांचे वय होते २७. त्यांनी ते लपवले नाही, उलट वयाची अटच अन्यायाची आहे असे म्हणणे मांडले. सेक्रेटरी डेब्रा बोवेन यांनी नाव वगळले आणि प्रकरण नवव्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयात गेले. विसाव्या घटनादुरुस्तीनुसार पात्रता ठरवण्याचा अधिकार फक्त काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा आहे, हा लिंडसे यांचा सर्वात वजनदार मुद्दा होता. तो न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला. अपात्रता वादातीत असताना मतपत्रिकेवर नाव छापून मतदारांचा गोंधळ वाढवण्याचे बंधन राज्यावर नाही, असा या निकालाचा आशय आहे.

गयानात जन्मलेले आणि नंतर अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले न्यूयॉर्कचे वकील अब्दुल करीम हसन यांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. चौदाव्या दुरुस्तीने सर्व नागरिकांना समान संरक्षण दिले, मग जन्मतः नागरिक आणि नंतर झालेला नागरिक हा भेद राहतोच कसा, असा त्यांचा सवाल होता. कोलोरॅडोने त्यांना मतपत्रिकेवर जागा नाकारली. दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ते योग्य ठरवले आणि म्हटले की जे पद घटनेनुसार मिळूच शकत नाही त्याच्या उमेदवाराला वगळणे, हा निवडणूक नीट पार पाडण्याच्या राज्याच्या रास्त हिताचा भाग आहे. हा आदेश लिहिणारे न्यायाधीश होते नील गॉर्सच, जे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

हसन यांच्या युक्तिवादात कायद्याचा आधार कमी असेल, पण न्यायाची कळकळ खरी होती, आणि ती लाखो स्थलांतरितांची आहे. मराठी वाचकांच्या ओळखीचे एक नाव या संदर्भात घेता येईल. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तिथले नागरिक झाले आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसतात. प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचे नागरिकत्व पुरते, सिनेटसाठी नऊ वर्षांचे. राज्याच्या गव्हर्नरपदासाठीही त्यांनी २०१८ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक लढवली होती. अध्यक्षपद आणि त्याला जोडलेले उपाध्यक्षपद मात्र त्यांना कायमचे बंद आहे. ही अट उठवावी म्हणून सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००३ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला होता. २० वर्षे नागरिक असलेल्याला उभे राहू द्यावे, अशी त्यांची सूचना होती. ती पुढे सरकली नाही.

राज्याराज्यांत नियम वेगळे असल्याने काय घडते, याचे सर्वात बोलके उदाहरण रॉजर कालेरो यांचे आहे. जन्म निकाराग्वाचा, हाती ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकी नागरिकत्वही नाही. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीने त्यांना २००४ आणि २००८ मध्ये दोनदा अध्यक्षपदासाठी उभे केले. काही राज्यांनी नाव नाकारले. तिथे पक्षाने जेम्स हॅरिस यांना त्यांच्या जागी उमेदवार दाखवले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत मात्र २००८ मध्ये कालेरो यांचे नाव सरकारी मतपत्रिकेवर छापले गेले. एकाच देशाच्या एकाच निवडणुकीत, एकच माणूस एका राज्यात अपात्र आणि शेजारच्या राज्यात उमेदवार! कालेरो निवडून येण्याची शक्यता नव्हती म्हणून कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण व्यवस्थेतली फट केवढी मोठी आहे, हे या एका नोंदीतून दिसते. २०२४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या वेळी इस्तंबूलमध्ये जन्मलेले पत्रकार जेंक उयगुर यांच्याबाबत पुन्हा तसेच झाले. काही राज्यांनी त्यांचे नाव घेतले, काहींनी नाकारले.

वय मोजता येते, राहिल्याची वर्षे मोजता येतात. खरा गुंता जन्मसिद्ध नागरिकत्वाचा आहे, कारण त्याची व्याख्या घटनेत नाही. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल नागरिक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईवडिलांच्या, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या तरुणाच्या खटल्यात ठरवले. परदेशात अमेरिकी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्यांचे काय, यावर मात्र सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाच्या संदर्भात कधीच निकाल दिलेला नाही. १९६४ चे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९०९ मध्ये ॲरिझोनात जन्मले, तेव्हा ॲरिझोना राज्य झालेले नव्हते, नुसता प्रदेश होता. १९६८ मध्ये उमेदवारीसाठी प्रयत्न करणारे जॉर्ज रॉम्नी मेक्सिकोत जन्मले होते. जॉन मॅक्केन यांचा जन्म १९३६ चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातील अमेरिकी नौदलाच्या तळावरचा. वडील नौदलात, आईवडील दोघेही अमेरिकी. तरीही शंका निघाली, कारण त्या पट्ट्यात जन्मलेल्या अमेरिकी मुलांना स्पष्ट नागरिकत्व देणारा कायदा काँग्रेसने १९३७ मध्ये, मॅक्केन वर्षाचे होत असताना केला होता. २००८ च्या एप्रिलमध्ये सिनेटने एकमताने ठराव करून मॅक्केन जन्मसिद्ध नागरिक असल्याचे म्हटले. ठरावाच्या पाठीराख्यांत बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन हे त्यांचे प्रतिस्पर्धीही होते. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते. पण प्रतिस्पर्ध्याच्या पात्रतेबद्दल वाद घालण्याऐवजी तो मिटवण्याचा मोठेपणा त्या वेळच्या राजकारणात शिल्लक होता, हे नोंदवण्यासारखे आहे.

ओबामांच्या वाट्याला तो मोठेपणा आला नाही. ते ४ ऑगस्ट १९६१ रोजी होनोलुलूत जन्मले. हवाईला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जवळपास दोन वर्षे झाली होती. त्यांच्या जन्माची बातमी त्याच महिन्यात होनोलुलूच्या दोन वर्तमानपत्रांत छापून आली होती. २००८ च्या प्रचारात त्यांनी जन्मनोंदीचा संगणकीय उतारा जाहीर केला. तरीही ते केनियात जन्मले, दाखला बनावट आहे, अशी आवई उठवली गेली आणि ती वर्षानुवर्षे चालू ठेवली गेली. कोर्टात गेलेले दावे टिकले नाहीत. सर्वसामान्य मतदाराचे यात स्वतंत्र नुकसान झालेले नाही, म्हणून त्याला दावा लावण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये अपील न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: उमेदवाराच्या जन्माची चौकशी करण्याचे कर्तव्य राज्याच्या सेक्रेटरीवर नाही. म्हणजे क्लीव्हर आणि लिंडसे यांच्यासारखी उघड अपात्रता दिसली तर राज्य नाव वगळू शकते, पण घरोघर जाऊन पुरावे शोधणे त्याला बंधनकारक नाही.

कोर्टाची वाट बंद झाल्यावर हा विषय विधिमंडळांत शिरला. फ्लोरिडाचे काँग्रेस सदस्य बिल पोझी यांनी २००९ मध्ये केंद्रात विधेयक आणले. ते पुढे गेले नाही. पण पुढच्या दोन वर्षांत डझनभर राज्यांत पुराव्याची सक्ती करणारी विधेयके मांडली गेली. त्यांतले सर्वात पुढे गेले ते ॲरिझोनाचे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय पक्षाने उमेदवाराच्या जन्माचा मोठा दाखला जोडावा, त्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ, रुग्णालयाचे नाव, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, असे विधेयकात म्हटले होते. हवाई राज्य साधारणपणे जो उतारा देत असे, त्यात डॉक्टर आणि रुग्णालयाचे नाव नसे. म्हणजे अट सगळ्यांसाठी लिहिलेली असली तरी अडकणार कोण, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. मोठा दाखला नसेल त्यांच्यासाठी पर्याय दिले होते: लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याचे किंवा सुंतेचे प्रमाणपत्र, रुग्णालयातील नोंद, बाळंतपणानंतरची वैद्यकीय कागदपत्रे, जुन्या जनगणनेतील नोंद. आणि हे कागद पुरेसे आहेत की नाहीत, याचा निर्णय राज्याच्या सेक्रेटरीने करायचा.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. १८ एप्रिल २०११ रोजी गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवले. ब्रुअर स्वतः रिपब्लिकन, ओबामांच्या कडव्या विरोधक आणि गव्हर्नर होण्याआधी त्याच राज्याच्या सेक्रेटरी. अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे सुंतेचा दाखला मागण्याची वेळ येईल अशी आपण कल्पनाही केली नव्हती, असे त्यांनी लिहिले. पण त्यांची दुसरी हरकत अधिक मोलाची होती: मतपत्रिकेच्या दारावर एकाच माणसाला बसवले तर निर्णय मनमानी किंवा राजकीय हेतूने होऊ शकतात. ते दार सांभाळण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीने दिलेला हा इशारा होता. या राज्याचे सिनेटर राहिलेले गोल्डवॉटर आणि मॅक्केन, दोघांच्याही जन्मस्थळाबद्दल कधीकाळी शंका घेतल्या गेल्या होत्या, हेही इथे आठवते. नऊ दिवसांनी, २७ एप्रिलला, ओबामांनी आपला मोठा दाखलाही प्रसिद्ध केला. जगातल्या सर्वात बलाढ्य पदावर बसलेल्या, कृष्णवर्णीय असलेल्या पहिल्या माणसाला आपण इथलेच आहोत हे कागद दाखवून सिद्ध करावे लागले, ही त्या देशाच्या इतिहासातली क्लेशाची गोष्ट आहे.

दाखल्याची सक्ती वरवर निरुपद्रवी वाटते, कारण आज जन्मदाखला प्रत्येकाकडे असतो. अमेरिकेत तो राज्ये आणि काउंट्या देतात. प्रत्येकाचा नमुना वेगळा, आणि सर्व राज्ये राष्ट्रीय जन्मनोंदणीच्या कक्षेत आली ती १९३३ मध्ये. केंटकीच्या लाकडी खोपटात १८०९ मध्ये जन्मलेल्या अब्राहम लिंकन यांना ॲरिझोनाच्या विधेयकातला दाखला देता आला नसता. एका राज्याचा अधिकृत दाखला दुसऱ्या राज्याने मानायचा, हे घटनेनेच सांगितलेले आहे. हवाईचा उतारा पुरेसा नाही असे ॲरिझोनाने ठरवले असते तर राज्याराज्यांतल्या विश्वासालाच धक्का लागला असता.

कायदा न होताही २०१२ मध्ये तपासणी झालीच. जॉर्जियात कायद्याने मतदाराला उमेदवारीवर हरकत घेता येते. तिथे काही मतदारांनी ओबामांविरुद्ध हरकत घेतली, जानेवारीत अटलांटात प्रशासकीय न्यायाधीश मायकल मलिही यांच्यापुढे सुनावणी झाली. ओबामा आणि त्यांचे वकील हजर राहिले नाहीत. समोर कोणी नसल्याने हरकतदारांना एकतर्फी विजय मिळेल अशी अपेक्षा होती. मलिही यांनी तसे केले नाही. पुढे आलेले साक्षीपुरावे तपासले, त्यांना काही वजन नाही असे म्हटले आणि ओबामांना पात्र ठरवले. सेक्रेटरी ब्रायन केम्प यांनी, जे रिपब्लिकन होते, तो निर्णय मान्य केला. मे महिन्यात ॲरिझोनाचे सेक्रेटरी केन बेनेट यांनी हवाईकडे जन्माची खातरजमा मागितली. ती मिळाल्यावर विषय संपवला आणि राज्याला ओशाळे वाटले असेल तर क्षमा असावी, असेही म्हटले. कॅन्ससमध्ये आक्षेप मंडळाने सप्टेंबरमध्ये निर्णय लांबणीवर टाकून हवाईहून कागद मागवायचे ठरवले, तोवर हरकतदाराने अर्ज मागे घेतला. ठरलेली मुदत, उघड सुनावणी, पुराव्याचे नियम आणि वर अपिलाची सोय असली की अफवा फार काळ तग धरत नाही, हे जॉर्जियाच्या प्रकरणात दिसले. अशी रीत आणि ॲरिझोनाचे विधेयक यांत मूलभूत फरक आहे. एक आलेल्या हरकतीचा निवाडा करते, दुसरे संशयालाच कायद्याचे रूप देते.

२०१६ मध्ये बाजू पालटली. टेड क्रुझ यांचा जन्म १९७० चा, कॅनडातल्या कॅलगरीचा. आई अमेरिकी, वडील क्युबाचे. आता हरकत रिपब्लिकन उमेदवारावर होती. न्यू हॅम्पशायर आणि इलिनॉयमध्ये मंडळांनी, न्यू जर्सीत प्रशासकीय न्यायाधीशाने आणि पेनसिल्व्हेनियात न्यायालयाने हरकती फेटाळल्या. जन्माच्या क्षणी आईमुळे ज्याला नागरिकत्व मिळाले तो जन्मसिद्ध नागरिक, असे पेनसिल्व्हेनियाच्या निकालात सविस्तर मांडले आहे. अर्थात हा एका राज्याचा निकाल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द आजही आलेला नाही.

घटनेत असलेली अट तपासणे वेगळे आणि नवी अट घालणे वेगळे. काँग्रेसच्या सदस्यांसाठी राज्यांना जादा अटी घालता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये यू.एस. टर्म लिमिट्स विरुद्ध थॉर्नटन खटल्यात ठरवले होते. तरी जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की प्रायमरीत उतरणाऱ्याने पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे द्यावीत. रोख डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर होता, कारण त्यांनी ती जाहीर करायला नकार दिला होता. असेच विधेयक २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी परत पाठवले होते. आज करपत्रे मागितली, उद्या आरोग्याची कागदपत्रे मागाल, मग जन्मदाखला, मग शाळेचे प्रगतिपुस्तक, असा त्यांचा सवाल होता. ब्राउन डेमोक्रॅट, ट्रम्प यांचे टीकाकार, तरीही त्यांना ॲरिझोनाची आणि स्वतःच्या पक्षाची चाल सारखीच दिसली. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी मात्र २०१९ च्या कायद्यावर सही केली. फेडरल न्यायाधीशाने कायद्याला स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, राज्याच्याच घटनेच्या आधारे, तो रद्द केला. देशभर ज्यांची उमेदवारी मान्य आहे अशांची नावे प्रायमरीत असलीच पाहिजेत, हा मतदारांचा हक्क त्या घटनेत लिहिलेला आहे.

या सगळ्याचा कळस २०२३-२४ मध्ये झाला. ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यामुळे ट्रम्प चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाखाली अपात्र ठरतात, असा दावा कोलोरॅडोतील सहा मतदारांनी केला. दावा लावला तो उमेदवाराच्या पात्रतेला आव्हान देण्याची सोय असलेल्या राज्याच्या निवडणूक कायद्याखाली. पहिले नाव होते राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या राहिलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या नॉर्मा अँडरसन यांचे. पाच दिवसांची साक्षीपुराव्यांची सुनावणी झाली. १९ डिसेंबर २०२३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ट्रम्प यांना प्रायमरीतून वगळण्याचा निकाल दिला. नऊ दिवसांनी मेनच्या सेक्रेटरी शेना बेलोज यांनी तसाच निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला. फेब्रुवारीअखेरीस इलिनॉयच्या एका न्यायाधीशांनीही. मिनेसोटाच्या न्यायालयाने मात्र प्रायमरी हा पक्षाचा अंतर्गत मामला आहे म्हणून हात लावायला नकार दिला होता. पुन्हा तेच चित्र, फक्त या वेळी उमेदवार कालेरोंसारखा दुर्लक्षित नव्हता.

कोलोरॅडोची प्रायमरी ५ मार्चला होती. आदल्या दिवशी, ४ मार्च २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नऊही न्यायाधीशांनी कोलोरॅडोचा निर्णय रद्द केला. तिसरे कलम केंद्रीय पदांना लावण्याचा अधिकार राज्यांना नाही, कारण तसे झाले तर देशभरच्या निवडणुकीचे ठिगळासारखे तुकडे होतील, यावर एकमत होते. बहुमताने त्यापुढे जाऊन, हे कलम अमलात आणायला काँग्रेसचा कायदा लागेल असेही म्हटले. एवढे पुढे जायची गरज नव्हती, असे चार न्यायाधीशांनी नोंदवले. ट्रम्प बंडात सामील होते की नव्हते, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने स्पर्श केला नाही.

मतपत्रिकेच्या टप्प्यावर अपात्र उमेदवार निसटला आणि निवडून आला, तर पुढे काय? १९३३ च्या विसाव्या दुरुस्तीत त्याची तरतूद आहे. निर्वाचित अध्यक्ष पात्र ठरला नाही तर तो पात्र होईपर्यंत निर्वाचित उपाध्यक्ष कारभार पाहील. त्याआधी जानेवारीत काँग्रेस निर्वाचकांची मते मोजते, तेव्हा हरकत घेता येते. १८७३ मध्ये जॉर्जियाच्या निर्वाचकांनी मृत उमेदवार होरेस ग्रीली यांना दिलेली तीन मते अशीच मोजली गेली नाहीत. २०२२ च्या सुधारित कायद्याने अशा हरकतीसाठी दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांच्या सह्या आवश्यक केल्या आहेत. कोट्यवधी मते पडून गेल्यावर तिथे पात्रतेचा वाद काढणे किती धोक्याचे, हे ६ जानेवारी पाहिलेल्या देशाला सांगायला नको. तपासणी व्हायचीच असेल तर ती मतदानाआधी, काँग्रेसने केलेल्या एकाच कायद्याने, सर्वांना सारखी लागू होणारी हवी. तसा कायदा आजवर झालेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल तिसऱ्या कलमापुरता आहे. वय, जन्म, वास्तव्य आणि दोन कार्यकाळांची मर्यादा या अटी राज्ये मतपत्रिकेच्या वेळी तपासू शकतात का, यावर त्यात निर्णय नाही. लिंडसे यांच्या खटल्याचा निकाल कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील नऊ राज्यांतल्या फेडरल न्यायालयांना बांधतो. हसन यांच्या प्रकरणातला आदेश तर बंधनकारक पूर्वनिर्णय म्हणून प्रसिद्धही झालेला नाही, त्याला केवळ मार्गदर्शनाचे मोल आहे. दोनदा निवडून आलेल्या ट्रम्प यांना तिसरी संधी मिळावी म्हणून जानेवारी २०२५ मध्ये टेनेसीचे प्रतिनिधी अँडी ओगल्स यांनी घटनादुरुस्तीचा ठराव मांडला. तो मंजूर व्हायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागेल. तोवर बाविसावी दुरुस्ती आहे तशी लागू आहे, आणि दोनदा निवडून आलेल्या व्यक्तीचा अर्ज २०२८ साठी कोणत्याही राज्यात आला तर तो स्वीकारायचा की नाकारायचा, हा पहिला निर्णय त्या राज्याच्या सेक्रेटरीच्या टेबलावरच होईल.